इल्ली कडी

सुतार काही आभाळातनं पडत नाही, हे पायगोंडाअण्णांचं लाडकं मत. नळाला प्लंबर कशाला, दिव्याला वायरमन कशाला आणि दाराला सुतार कशाला? मोबाइलवर बघायचं आणि ठोकायचं! आता त्यांनी जोडलेलं पंख्याचं बटण दाबलं की मोरीतला दिवा लागतो, ही गोष्ट वेगळी. लागतो की नाही? मग झालं तर!

पण निपाणीच्या आतल्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात मुनिमहाराज आले आणि अण्णांच्या हुन्नराची खरी परीक्षा लागली. गल्लीत घरोघर चौके लागले. पहाटे उठून अंघोळ करायची, विहिरीचं पाणी गाळून सोवळ्यात स्वयंपाक करायचा आणि महाराज आहाराला निघाले की कलश घेऊन दारात उभं राहायचं. थांबायचं की नाही हे महाराजांच्या मनावर. बस्तीतनं, म्हणजे जैन मंदिरातनं, निघतानाच ते मनात रोज नवा नेम धरतात. अमुक एक दिसलं तरच थांबायचं, नाही दिसलं तर उपास. नेम काय ते कुणाला सांगत नाहीत.

अण्णांच्या बायकोचा, राजमतीबाईंचा चौका रोज लागत होता आणि महाराज रोज पुढं जात होते. शेजारच्या जाऊबाई राजश्री यांच्याकडं मात्र दोनदा आहार झाला. दोनदा! त्यामुळं त्या हल्ली राजमतीबाईंशी फार गोड बोलू लागल्या होत्या. राजमतीबाईंनी आपल्या घरी आहार होईपर्यंत चहा सोडला. त्यांनी सोडला म्हणजे अख्ख्या घरानंच सोडला, कारण सून प्रणिता सासूसमोर चहाचं भांडं खाली काढायला धजेना. अण्णांचं डोकं सकाळपासून ठणकायचं, पण धर्माच्या कामात तक्रार कुठं करणार?

त्यात त्या दिवशी भलतंच झालं. महाराज गल्लीत शिरले आणि ऐन वेळी अण्णांचं पुढचं दार अडकलं. लाकूड खाली फुगलेलं, कडी गंजलेली. नवरा-बायको आतनं ओढताहेत, ओढताहेत, आणि दार उघडलं तेव्हा महाराजांची पाठ दिसली.

राजमतीबाई तिथंच बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हाराज दारात आलते, आनी आमी आत दार वढत बसलो. परवा विहार हाय त्यांचा, गाव सोडनार. आता कवा?"

अण्णांनी उभ्याउभ्याच मोबाइल काढला. सुताराला फोन लावला तर तो आठ दिवसांची बात करू लागला. अण्णांनी फोन ठेवला आणि जाहीर केलं, "त्यात काय लई अवघड हाय? दुपारच्याला दार नवं करून देतो!"

हाताशी माणूसही आयताच होता. प्रणिताचे वडील जिनप्पा महाराजांच्या दर्शनाला रबकवीहून आले होते. उसाच्या शेतात राबलेला गडी, खांदे बैलासारखे, स्वभाव गाईसारखा. मराठीचा मात्र गंध नाही. त्याचं काही नव्हतं, अण्णांना कानडी येत होतं. मात्र ते अण्णांचं कानडी! बाजारात, बस्तीत फाडफाड चालायचं. अवजारं हातात आली की मधेच मराठीत घसरायचं.

दोघांनी दार बिजागऱ्यांतनं सोडवून अंगणात दोन स्टुलांवर आडवं घातलं. काम सोपं होतं. खालनं बोटभर तासायचं आणि नवी कडी बसवायची. अण्णांनी वरनं खालनं माप घेऊन दाराच्या बरोबर मधोमध पेन्सिलीनं आडवी रेघ मारली, रेघेवर बोट ठेवलं आणि व्याह्यांना समजावलं, "बीगरे, इल्ली कडी!"

म्हणजे व्याही, इथं कडी. इल्ली कानडी, कडी मराठी. पण कानडीतही कडी आहेच की. तिचा अर्थ काप, तोड. रोज ऊस तोडणाऱ्या जिनप्पांना दुसरा कुठला अर्थ सुचणार?

जिनप्पांनी दाराकडं बघितलं, रेघेकडं बघितलं. चांगलंचुंगलं दार कापायचं? पण व्याह्याच्या घरी 'का' म्हणून विचारू नये, अशी त्यांची रीत. अण्णा कडी शोधायला आत गेले आणि इकडं कापायचं मशीन सुरू झालं. अण्णांना वाटलं, व्याही न सांगता खालची बाजू तासायला लागले. गुणाचा माणूस! त्यांनी आतनंच सांगितलं, कडी केवढी लावायची ते बघून ठेवा. कडी! जिनप्पांनी अजून जोर लावला.

अण्णा कडी घेऊन बाहेर आले तेव्हा एका दाराची दोन दारं झाली होती.

"बीगरे, ह्ये काय?"

"कडदीनी," जिनप्पा घाम पुसत म्हणाले. कापलं. आणि रेघ कशी सरळ पकडली ते अभिमानानं दाखवू लागले. प्रणितानं बाहेर येऊन दोघांना दोघांचं बोलणं समजावलं आणि पदर तोंडावर धरून आत पळाली. राजमतीबाई दारापर्यंत आल्या, दोन्ही तुकडे बघितले आणि आत जाऊन कलश फडताळात ठेवून दिला. ते अण्णांना फार लागलं.

आता मागं हटून भागणार नव्हतं. अण्णांनी खालचा अर्धा परत चौकटीला लावला आणि कडी अशी ठोकली की पुन्हा म्हणून अडकू नये. स्क्रू संपले, तेव्हा वरचा अर्धा मागच्या दाराला टेकवून ठेवला. सुतार असता तर एवढ्या झटपट केलं असतं का, सांगा!

दुसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा नटली. महाराज वळणावर दिसले मात्र, लोक घरातनं धावत रस्त्यावर उतरले. नमोस्तु नमोस्तुचा गलका, कलशाला कलश आपटताहेत, राजश्रीबाई तर अर्ध्या रस्त्यात. अण्णा कडी काढायला गेले. कडी निघाली, दार निघेना. लांब स्क्रूंनी दार थेट चौकटीला शिवून टाकलं होतं! मागच्या दाराकडं पळावं तर तिथं वरचा अर्धा आडवा, तो हटवेपर्यंत महाराज पुढं जायचे.

राजमतीबाईंचे डोळे भरून आले. पण आज वरनं दार उघडं होतं. त्या अर्ध्या दारामागंच उभ्या राहिल्या, कलश छातीशी धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नमोस्तु, महाराज." एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला जिनप्पा, तिघंही हात जोडून आतच.

महाराज गलक्यातनं पुढं आले, दारासमोर आले आणि थांबले.

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग जिनप्पांनी खांदा लावला, अर्धं दार बिजागऱ्यांसकट उपटलं आणि बाजूला ठेवलं. आहार निर्विघ्न झाला. नंतर राजमतीबाईंनी घरभर चहा केला, गल्लीलाही पाजला आणि अण्णांना दोनदा दिला.

गल्लीत चर्चा एकच. महाराजांचा नेम अर्ध्या दाराचा होता! दुपारी राजश्रीबाईंनी जिनप्पांना बोलावून आपलं सागवानी दार कापून घेतलं. पुढच्या सकाळी त्या अर्ध्या दारावरनं थाटात हात जोडून उभ्या. महाराज त्यांच्या दारावरनं शांतपणे पुढं गेले आणि पलीकडच्या गल्लीत आहार झाला.

विहाराच्या वेळी सगळं गाव वेशीपर्यंत पोचवायला गेलं. बस्तीच्या कमिटीतल्या अभिनंदननं न राहवून कालचा नेम विचारलाच. महाराज हसले. रोज रस्त्यावर लोटालोटी होते म्हणून काल मनात धरलं होतं, म्हणाले, की जे उंबऱ्याच्या आत शांत उभे राहतील, त्यांच्याकडंच थांबायचं.

राजश्रीबाईंनी अण्णांकडं असं बघितलं की दुसरा माणूस जागीच वाळला असता. अण्णांनी मात्र छाती पुढं काढली. "मग आमी दार कापलं ते कशापायी? आत ऱ्हायला पायजे म्हणूनच की!"

आता राजमतीबाई सगळ्यांसमोर खरं सांगून मोकळ्या होणार, असं वाटून अण्णांनी हळूच मान खाली घातली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या एकाही ठोकाठोकीला त्यांनी बरं म्हटलं नव्हतं.

राजमतीबाईंनी पदर सारखा केला. "व्हय," त्या जावेला म्हणाल्या, "माप ह्यांनीच घेतलंतं."