चार दिवसांचं पिठलं

अंबाजोगाईच्या त्या मुलींच्या हॉस्टेलात सलग चौथ्या दिवशी पिठलं झालं, तेव्हा ताटं वाजू लागली.

रेक्टर रुद्राणी मॅडम मोबाईल हातात धरूनच स्वयंपाकघरात शिरल्या. "बायनाबाई, आज भरलं वांगं होतं. काल मेथी, परवा मटकी. रोज सकाळी मी स्वतः टाकते बेत."

"मला कावून सांगता? त्याला इचारा." बायनाबाईंनी पिठाच्या बोटानं भिंतीवरचा स्क्रीन दाखवला. आजचा बेत: पिठलं, भाकरी, ठेचा.

"चार दिवस तेच दिसतंय, तर माणूस विचारतो. डोकं असतं ना आपल्याला?"

"डोकं लावायचं न्हाई, आसं तुमीच म्हणलं व्हतं."

ते खरं होतं. हिवाळ्यात एकदा थंडी पडली म्हणून बायनाबाईंनी वरण सोडून आपल्या मनानं शेंगोळे केले होते. त्यावर मॅडमनी स्क्रीन लावला, आणि स्क्रीनवर असेल तेच शिजवायचं असा नियम केला. बायनाबाई तेव्हापासून नियम पाळत होत्या. जरा जास्तच. मॅडमच्या मोबाईलवरच्या यादीप्रमाणे भाजीवाला बद्रीनाथ रोज भाजी आणून टाकत होता, आणि कोपऱ्यात मेथी माना टाकून पडली होती.

"मग उद्यापासून मी दुसरी बाई बघते," मॅडम म्हणाल्या.

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. त्यासरशी खिडकीजवळच्या झोळीत दहा महिन्यांची लेक चुळबुळली. हॉस्टेलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अपेक्षाची ती मुलगी. जेवणाच्या सुट्टीत अपेक्षा तिला पाजायला खाली यायची. ही झोळी बायनाबाईंच्या जुन्या लुगड्याची होती, आणि त्या थापण्याच्या आवाजाशिवाय लेक झोपत नसे.

आताही ती झोळी हलवत बसली होती; दोरी तिच्या हातातच राहिली. रविवारी तिनंच प्रॉक्सी सर्व्हरवर नवं अपडेट टाकलं होतं. बोललं तर तिची हंगामी नोकरी जाणार. न बोललं तर बायनाबाईंची बारा वर्षं.

"मॅडम, तुमचा फोन जरा हॉस्टेलच्या वायफायला जोडता?"

"आता हे काय मधेच?"

"जोडा तर. आणि तेच पान परत उघडा."

मॅडमनी उघडलं. बघता बघता त्यांच्या स्वतःच्या फोनवर भरल्या वांग्याचं पिठलं झालं. दारात जमलेल्या पोरींतली एक फिसकन हसली.

"आपलं सगळं नेट एका मशिनमधून येतं," अपेक्षा म्हणाली. "एकदा मागितलेलं पान ते स्वतःजवळ ठेवतं, म्हणजे परत बाहेर जायला नको. आधी ते देताना दर वेळी विचारायचं, पान बदललंय का. मी रविवारी अपडेट टाकलं, तेव्हापासून विचारत नाही. आठवडाभर जवळचंच देत राहतं. चूक माझी आहे, मॅडम. मी तपासून बघायला हवं होतं."

बायनाबाई पुढे आल्या. "म्हंजी सोमवारी च्या करून थर्मासात भरला, अन् गुरुवारपस्तोर त्योच वततंय?"

"अगदी तेच."

"मग मी काय येगळं केलं? त्याला ठिवता अन् मला काढता व्हय?"

अपेक्षा लेकीला कडेवर घेऊन वर पळाली. एका हातानं तिनं साठवलेली पानं पुसली, आणि बेताचं पान दर वेळी विचारूनच द्यायचं अशी सेटिंग केली. लेकीनं मधेच दोन बटणं दाबली, ती अक्षरं पुसून टाकली. खाली स्क्रीनवर भरलं वांगं उमटलं आणि ताटं पुन्हा वाजली, आता वेगळ्या तालात.

मॅडमनी ताटांचा आवाज ओसरू दिला. "दोघी उद्या वेळेवर या. आणि बायनाबाई, यापुढे थोडं डोकं लावत जा."

"तोंडी कशाला म्हणता, मॅडम? स्क्रीनवर टाका. मग लावते."

मॅडमना टाकावं लागलं. बेताच्या खाली ती ओळ आजही आहे.

संध्याकाळी अपेक्षा लेकीला घेऊन निघाली, तेव्हा बायनाबाई फाटकापर्यंत आल्या. लेकीच्या मुठीत गुळाचा खडा देत हळूच म्हणाल्या, "बाई, ते मशीन परत तसं अडकिवता येतंय का? फकस्त रविवारी."

"रविवारी काय असतं?"

"आजचा बेत: रात्रीची मेस बंद."