बघण्याआधीचा अभिप्राय

मिनिट शून्याच्या आधी

देगलूरच्या त्या महाविद्यालयात अहवाल आधी होतो, कार्यक्रम नंतर. तपासणी समिती मंगळवारी येणार होती, म्हणून शनिवारी सकाळी चित्रपट सुरू होण्याआधीच अभिप्राय वही फिरली. पहिला अभिप्राय प्राचार्य अमृतरावांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि खाली संस्थेचे अध्यक्ष गुरुपादप्पा ऊर्फ अप्पा यांची सही घेतली: 'इतका संस्कारक्षम चित्रपट आजवर पाहिला नाही. प्रत्येक आईवडिलांनी आपल्या मुलीला घेऊन पाहावा.' त्याखाली तेवीस प्राध्यापकांनी लिहिलं, 'अध्यक्षांशी सहमत.' पानाचा फोटो काढून संस्थेच्या ग्रुपवर टाकला गेला. मग दिवे घालवले.

चित्रपट इंग्रजीच्या पंचशीला मॅडमनी निवडला होता. त्या तासिका तत्त्वावर होत्या, तिसरं वर्ष. पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं याची यादी सोमवारी लागायची होती. आधी एकदा बघून घ्या, असं त्यांनी प्राचार्यांना दोनदा सुचवलं होतं. पण चित्रपट ब्रिटिश म्हटल्यावर अमृतरावांच्या डोळ्यांपुढे कोट, टोपी आणि चहाचे कप आले आणि त्यांनी बघायची गरज मानली नाही.

मिनिट ६

चहाचा कप आला. भिंतीवर फुटला.

कारखाने बंद पडलेलं गाव, सातव्या मजल्यावरची ओल आलेली खोली, शाळेतून काढलेली पंधरा वर्षांची पोरगी. ती आईच्या पर्समधली सिगारेट घेऊन खिडकीत बसली आणि खालून जाणाऱ्या म्हाताऱ्यावर थुंकली. मागच्या बाकांवरून शिट्टी आली. अमृतरावांनी मान वळवली नाही. त्यांचे कान मात्र अंधारातही लाल दिसत होते.

मिनिट १४

पडद्यावर खाली येणारी अक्षरंही इंग्रजीच होती, म्हणून अध्यक्षांच्या मागच्या खुर्चीवर पंचशीलाला बसवलं होतं, अर्थ सांगायला. पडद्यावरची आई मुलीला म्हणाली की तू पोटात होतीस तेव्हाच तुला संपवायला हवं होतं.

"काय म्हणून राहिली ती?" अप्पांनी मागं न बघता विचारलं.

पंचशीलाला सोमवार दिसला. "अभ्यास कर म्हणतेय, अप्पा."

तेवढ्यात आईनं ताट फेकलं.

"अभ्यासासाठी ताट फेकलं?"

"परीक्षा जवळ आलीय."

अप्पांनी समजूतदारपणे मान हलवली. शेजारी त्यांच्या पत्नी रत्नम्मा बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "अभ्यासाचं न्हाई बोलली ती. माझी आई मला बोलायची, तसलं बोलली."

अप्पांची मान हलायची थांबली.

मिनिट ३१

मधली मिनिटं इथं लिहिण्यासारखी नाहीत. त्यांत आईचा एक मित्र येतो, एवढंच. शिट्ट्या बंद झाल्या होत्या.

अमृतराव वाकून वाकून पंचशीलापाशी आले. चित्रपट संपला की मॅडमनी माइक घ्यायचा, माझ्या हातून चुकून भलताच लागला असं सांगायचं, आणि माफी मागून खाली बसायचं, असं त्यांनी कुजबुजून ठरवून टाकलं. मग वहीतले अभिप्राय कुठल्या चित्रपटाचे, असं तिनं विचारलं. ते पान फाडू म्हणाले.

"पण चुकून नाही लागला, सर."

"सोमवारी यादी हाय, मॅडम," अमृतराव म्हणाले आणि तसेच वाकून परत गेले.

मिनिट ३२

पान फाडून उपयोग नव्हता. संस्थेच्या नऊ शाळा होत्या आणि नऊही मुख्याध्यापक ग्रुपवर होते. उमरीच्या शाळेनं गुरुवारच्या पालक मेळाव्यात हाच चित्रपट जाहीर केला. शिरूर अनंतपाळच्या शाळेनं पडदा भाड्यानं सांगितला. अध्यक्षांचा फोन मांडीवर थरथरत होता. ते एकदा फोनकडे बघत, एकदा पडद्याकडे. पडद्यावर पोरगी पोलिसांच्या गाडीची काच फोडत होती.

मिनिट ९७

पोरगी एका बसमध्ये चढली. बस गेली. संपलं.

दिवे लागले. कोणी टाळी वाजवली नाही, कारण तिथं आधी अध्यक्षांचे हात बघायची पद्धत आहे. ते हात फोनवर घट्ट होते.

पंचशीला माइकपाशी गेली. हा चित्रपट तिनं याआधी तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा पोरगी बसमध्ये चढेपर्यंत तिला श्वास सोडवला नव्हता. 'माझ्या हातून चुकून' हे शब्द तयार होते. पहिल्या रांगेतून अमृतराव ते ओठांनी म्हणूनही दाखवत होते.

"चित्रपट मी निवडला," ती म्हणाली. "हाच निवडला. आणि चौदाव्या मिनिटाला मी अध्यक्षांना खोटं सांगितलं."

मग आई खरं काय बोलली, तेही तिनं सांगितलं. अमृतरावांचे कान आता पांढरे झाले.

अप्पा उठायला लागले. त्यांच्या आधी रत्नम्मांनी विचारलं, "पोरगी कुठं गेली मग?"

"माहीत नाही, अम्मा. पिक्चर तिथंच संपतो."

"कुनालाच ठाव न्हाई?"

"नाही."

"मग बरं हाय," रत्नम्मा म्हणाल्या. "ठाव नसलं म्हणजे मागं कुनी जायचं न्हाई." आणि नवऱ्याकडे वळून, "तुम्ही लिवलंय ते बरोबर हाय. आईबापानं बघावाच."

अप्पांनी दीर्घ श्वास घेतला. सहीची अब्रू वाचली होती.

"मी उगाच कुठं सही करत न्हाई," त्यांनी जाहीर केलं. तेवीस प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर कधीचा हाच चित्रपट आणा म्हणत होतो, असं अमृतराव शेजाऱ्याला सांगू लागले.

"ह्या बाईचं नाव सोमवारच्या यादीत हाय का?" अप्पांनी विचारलं.

"हायच की, अप्पा," अमृतराव म्हणाले.

त्यांनी खिशातून यादीची घडी काढली, मांडीवर सरळ केली आणि शेवटच्या ओळीखाली पेन टेकवलं. पेन बराच वेळ तिथंच राहिलं. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माइकपाशी उभ्या पंचशीलाकडे झुकून, अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, आडनाव काय तुमचं?"