बसलेले सर, उभे सर

बाळांनो, आमच्या शेजारच्या जगताप सरांकडून चहा कसा झालाय हे ऐकायचं असेल, तर आधी त्यांना खुर्चीतून उठवावं लागतं. बसून ते फक्त माहिती देतात. "वहिनी, आलं घातलेलं आहे." मग उभे राहतात आणि म्हणतात, "झकास!" बसून आकडा, उभं राहून मत. कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम. कुणी सहज म्हणालं, "यंदा मोसंबी आंबट निघून राह्यली," की सरांचा प्रश्न ठरलेला: "नमुना किती? किती खाल्ल्या?"

आमच्या लोकसंख्या अभ्यास मंडळाचे ते अध्यक्ष, मी चिटणीस. मंडळाने घनसावंगीकडच्या काही गावांची पाहणी केली. पुढची शाळा लांब, बस नाही, म्हणून मुली सातवीनंतर घरी बसतात आणि लवकरच त्यांचं लग्न होतं, असं दिसलं. आरोग्यसेविका कांबळेबाई बैठकीत म्हणाल्या, "मंग मंडळानं बस मागावी."

"बिलकुल न्हाई," सर खुर्चीतून म्हणाले. "आपण मोजायचं. आपणच मागायला लागलो तर लोक म्हणतील, बस पाहिजे होती म्हणून असा आकडा काढला. अजून गावं पाहू."

"तवर पोरींना हळद लागून राह्यली, सर!"

मला दोघांचंही पटत होतं. तेवढ्यात सर उठले, खुर्ची मागे सारली आणि दाराशी उभ्या असलेल्या कांबळेबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"आता मी अध्यक्ष न्हाई. मला बस पाहिजे."

बाई कसल्या सोडतात! "नमुना किती, सर?"

"एक. माझी ताई." सरांनी चष्मा पुसला. "गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. शाळा लांब म्हणून घरी बसवली. लग्नाच्या सकाळी हळदीच्या हातानं माझे पाढे घेतले तिनं. मंग सासरी गेली."

अहवालात बसचा शब्दही आला नाही. मागणी गावकऱ्यांच्या नावाने गेली. खाली पहिली सही सरांची, साधा नागरिक म्हणून.

जूनमध्ये बस सुरू झाली. पहिल्याच दिवशी सर पहाटे उठून ती बघायला गेले. परतल्यावर मी चहा दिला आणि विचारलं, "मुली होत्या का हो बसमध्ये?"

"एका दिवसावरून काही सांगता येत न्हाई, वहिनी," सर बसून म्हणाले.

आणि कप घेऊन उभे राहिले.