ज्याचा शिक्का, त्याचा पाय

शिड्यांच्या कारखान्यात सकाळी नऊ वाजता मॅनेजरसाहेबांनी तपासनीसबाईंच्या टेबलावर शाईचा पॅड आपटला.

"बाई, सत्तर शिड्या आहेत. मारा शिक्के. अकराला पाहुणे येतायत, बाराला ट्रक."

पाहुणे येणार होते ते साहेबांना 'जबाबदार नेतृत्वा'ची ढाल द्यायला. दारात फलक लागला होता आणि त्यावर साहेबांचा फोटो कालपासूनच हसत होता. राहिलं होतं ते एवढंच, की सत्तरांपैकी एकाही शिडीची तपासणी झाली नव्हती.

"पायऱ्यांच्या खाचांमध्ये गोंद कालच भरलाय, साहेब. वाळायला तीन दिवस लागतात. मी नाही मारणार शिक्का."

"अहो, शिडीच आहे ती! विमान नव्हे!"

"माझा भाऊ रंगारी आहे. असल्याच शिडीवर चढून भिंती रंगवतो. खाली कुणी गादी अंथरून ठेवत नाही त्याच्यासाठी."

"मग उद्यापासून घरी बसा!"

बाईंची एकोणीस वर्षांची नोकरी, घरी आजारी सासूबाई. पण बाईंचं डोकं सणकलं. एकोणीस वर्षं शिडी वजन पेलते का ते बघायला खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन ही बाई शिड्या चढली, ती काय असल्या धमकीनं खाली उतरायला?

"बसते घरी. पण माझ्या हातानं शिक्का उमटणार नाही म्हणजे नाही."

"मला काय हात नाहीत?" असं म्हणत साहेबांनी शिक्का हिसकावला आणि स्वतःच ठपाठप मारत सुटले. नवव्या शिडीपाशी पॅड उलटला, दोन्ही पंजे जांभळे झाले. सत्तर शिड्या संपल्यावर त्यांनी साबण लावला, रॉकेल लावलं, लिंबू चोळलं. शाई ढिम्म हलेना. ती उत्तम प्रतीची होती, बाईंनीच निवडलेली.

पाहुण्यांनी हात पुढे केला तेव्हा साहेबांचे हात पाठीमागे होते. किती वेळ ठेवणार?

"अरेच्चा! ही शाई कसली?"

"शिक्क्याची," साहेब छाती काढून म्हणाले. "आजच्या सत्तरच्या सत्तर शिड्यांवर मी स्वतः शिक्के मारलेत. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं आपल्या रक्तातच नाही."

पाहुणे भारावले. मग त्यांचं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. तिथे थोरल्या मालकांनी वीतभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं : ज्याचा शिक्का, त्याचा पाय.

"म्हणजे हो काय?"

साहेबांना एकदम खोकला आला. तेव्हा बाईच पुढे झाल्या.

"ज्यानं शिक्का मारला, त्यानं शिडीवर चढून दाखवायचं. जुना नियम आहे आमच्याकडचा."

"वा! मग होऊनच जाऊ द्या!"

फोटोवाला सरसावला. साहेब बाईंच्या कानाशी लागले. "यातली बरी कुठली?"

"ते शिक्का मारणाऱ्याला ठाऊक," बाई म्हणाल्या.

साहेब चढले. सातव्या पायरीवर पायाखाली 'कट्' असा आवाज झाला आणि त्यांनी शिडीला मिठी मारली. वर जाववेना, खाली येववेना. खालून टाळ्या पडल्या. "भाषण! भाषण!"

"जबाबदारी..." साहेबांचा आवाज चिरकला, "जबाबदारी ही फार उंचावरची गोष्ट आहे. खाली बघवत नाही. बाई! अहो बाई!"

"मी निघाले, साहेब. उद्यापासून घरीच बसायचंय ना? म्हटलं, आजपासूनच बसावं."

"कुठ्ठं जायचं नाही! इथंच राहायचं तुम्ही, रिटायर होईपर्यंत! आणि ट्रक रिकामा परत पाठवा! एकही शिडी बाहेर जाता कामा नये!"

पाहुण्यांचे डोळे पाणावले. "स्वतः चढून बघतो आणि स्वतःचाच माल नाकारतो! असा माणूस आम्ही पाहिला नाही."

बाईंनी मागच्या महिन्यातली, स्वतः तपासलेली शिडी शेजारी आणून लावली आणि तिचा पाय घट्ट धरला. साहेब एकेक पाय चाचपत तिच्यावर आले आणि तिच्यावरून जमिनीवर. ढाल जांभळ्या हातांत पडली. पाहुण्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की यापुढे प्रत्येक लॉटच्या वेळी साहेबांना चढताना पाहायला ते जातीनं हजर राहतील.

पुढच्या महिन्यात शिक्का आणि पॅड दोन्ही हातांत धरून साहेब बाईंच्या टेबलापाशी आले. अदबीनं.

"बाई, नवा लॉट तयार आहे."

"घाई आहे का?"

"छे, छे! सावकाश. एकेक पायरी बघा." साहेब जरा घुटमळले. "आणि चढताना वाळूची पिशवी एक नको, दोन घ्या. माझं वजन वाढलंय."