चार वाजताचं भूत

भुतं शोधत हिंडणाऱ्या हौशी माणसांइतकी पोरकट जमात सगळ्या इंग्लंडात दुसरी नाही. हे मी अधिकाराने सांगतो, कारण गेली सहा वर्षं मी थॉर्नशॉ भूतशोधक मंडळाचा चिटणीस आहे. (चिटणीस म्हणजे खुर्च्या मांडायच्या, कप विसळायचे आणि अध्यक्ष बोलत असताना मान हलवायची.) अध्यक्ष रेजिनाल्ड क्लेग, आमचा रेग. त्याचं गालिच्यांचं दुकान आहे आणि गालिचे विकताना तो जितकं खरं बोलतो तितकंच भुतांबद्दलही बोलतो. बाकी सभासद म्हणजे दोन पिकप भगिनी. त्यांना भुतांपेक्षा बिस्किटांत रस जास्त. सहा वर्षांत आम्हाला तीन वटवाघळं, एक गळकं छप्पर आणि एक रखवालदार सापडला. भूत नाही.

त्या रखवालदारापासूनच सगळं सुरू झालं. बंद पडलेल्या सूतगिरणीत रेग कुणालाही न विचारता कुंपणावरून शिरला. आत कुणीतरी खरखर श्वास घेतंय असं त्याला ऐकू आलं. त्याने आत्म्याला आव्हान दिलं, की हिंमत असेल तर समोर ये. आत्मा समोर आला. झोपमोड झाल्यामुळे तो चिडलेला होता आणि त्याच्या हातात भलामोठा टॉर्च होता. गावच्या साप्ताहिकात रेगचा फोटो छापून आला, कपाळावरच्या टेंगळासकट.

ग्लेनिसने, म्हणजे माझ्या बायकोने, तो फोटो कापून फ्रिजवर लावला.

"नॉर्मन, तुमच्या मंडळात एखादा मोठा झालेला माणूस नाही का रे?" तिने विचारलं.

हे मला लागलं. म्हणून मी ठरवलं, मंडळासाठी आचारसंहिता लिहायची. एवढाच छोटासा निर्णय. मी नगरपालिकेत पार्किंगच्या दंडाविरुद्ध आलेल्या तक्रारींना नकार कळवतो, त्यामुळे नियमांची भाषा माझ्या हाडांत मुरलेली आहे. तीन रविवार खपून मी अकरा नियम लिहिले. लेखी परवानगीशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकू नये. मेलेल्याला डिवचू नये, तोही कुणाचा तरी कुणीतरी होता. घरातल्या माणसांना घाबरवू नये. आवाज, सावली, गारवा, काही म्हणजे काहीही स्वतः तयार करू नये. जे सापडेल ते खरं सांगावं. निघताना आपला कचरा आपण उचलावा. सातवा नियम असा होता, की दुःखात असलेल्या माणसाचं मन आधी, भूत नंतर. तो लिहिताना माझेच डोळे ओले झाले.

रेगने सगळे अकरा नियम मागूनपुढून पाहिले.

"कागद चांगला जाड घेतलास," तो म्हणाला, आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

पण संहितेची बातमी गावात पसरली, आणि पंधरा दिवसांत आम्हाला पहिलंवहिलं सभ्य आमंत्रण आलं. गिरणीमागच्या चाळवजा घरांच्या रांगेत ऑर्मरॉडबाई राहतात. वय एकोणऐंशी. यजमान हॅरल्ड बॉयलर बांधायच्या कारखान्यात होते, ते मार्चमध्ये गेले. ऑक्टोबर लागल्यापासून रोज दुपारी ठीक चारला स्वयंपाकघराच्या छतात तीन ठोके पडतात, असं बाईंनी लिहिलं होतं. हॅरल्ड कामावरून चारला यायचे आणि दारावर बुटाने तीन ठोके मारायचे, हेही लिहिलं होतं.

शनिवारी साडेतीनला आम्ही पोचलो. ग्लेनिसलाही यावं लागलं, कारण रेगची यंत्रं मावतील अशी गाडी तिच्याकडेच आहे. गाडीवर मोठ्या अक्षरांत 'ग्लेनिस एन्टविसल, नळ व हीटिंग' असं लिहिलेलं आहे. (आमच्या घरात हातोडा ती धरते. मी टॉर्च धरतो, आणि तोही तिच्या मते चुकीच्या जागी.) मी तीन प्रतींत परवानगी घेतली. बाईंनी तिन्हींवर सह्या केल्या आणि आमच्यासमोर फळांचा केक ठेवला, वर इकडच्या रीतीप्रमाणे चीजचे जाड तुकडे. पिकप भगिनींचा भुतांवरचा विश्वास तिथेच दुणावला.

चार वाजले. ठक. ठक. ठक.

"हॅरल्ड," रेग छताकडे बघत गालिचेवाल्या गोड आवाजात म्हणाला, "आम्ही मित्र आहोत."

ग्लेनिस तोंडातला केक गिळून म्हणाली, "बाई, तुमचं हीटिंग किती वाजता लागतं?"

"चारला."

ग्लेनिस वर गेली. फळी उचकटल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी ती हात पुसत खाली आली. "गरम पाण्याचा पाइप लाकडाला घासून बसवलाय. गरम झाला की फुगतो आणि आपटतो. मी मध्ये लोकरीचा नमदा कोंबलाय. आता वाजणार नाही."

"पाइपातून येत होता होय," ऑर्मरॉडबाई हळूच म्हणाल्या. "बॉयलरवाला माणूस. आणखी कुठून येणार?"

ग्लेनिसने तोंड उघडलं आणि परत मिटलं. गाडीत मात्र ती म्हणाली, "सहा वर्षं, चार माणसं, एवढी यंत्रं. आणि नमद्याचा एक तुकडा."

दुसऱ्या दिवशी चौकशी करायला मी एकटाच गेलो. चारला पाच कमी होते. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. छत गप्प. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"गेला," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबर लागल्यापासून पहिल्यांदा चार वाजता काही वाजलं नाही."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. पुढे त्यांना बोलवेना, आणि मला बसवेना.

घरी येईपर्यंत माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. एका म्हातारीचा नवरा आम्ही दुसऱ्यांदा मारला होता, आणि तोही नमदा कोंबून. रात्री मी सातवा नियम पुन्हापुन्हा वाचला. (स्वतः काही तयार करू नये, हा चौथाही त्याच पानावर होता. माणसाला जे वाचायचं असतं तेच तो वाचतो. पार्किंगच्या पाट्यांवरून मला हे आधीच माहीत असायला हवं होतं.)

सोमवारी चारला मी बाईंच्या घरामागच्या बोळात उभा होतो. हातात ग्लेनिसच्या गाडीतला रबरी हातोडा. न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाइप भिंतीबाहेरून खाली येतो. त्याच्यावर मी तीन ठोके मारले आणि पळालो. एका जागी मारायचे होते. पहिला पाइपावर बसला, दुसरा विटेवर आणि तिसरा माझ्या अंगठ्यावर. तरी पळताना मला फार बरं वाटत होतं. असं बरं वाटणं हे मूर्खपणाचं पहिलं लक्षण असतं, असा माझा आता अनुभव आहे.

मग रोज तेच सुरू झालं. कचेरीत मी दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी दयेने विचारलं, "एन्टविसल, आता राहिलेत तरी किती?" एका सहकारिणीने माझ्यासाठी डब्यातून सूप आणलं. ते मी दात नसल्यासारखं प्यायलो.

आठव्या दिवशी बाईंच्या दारासमोर पाटी दिसली: घर विकणे आहे.

एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? दार वाजवून विचारलं असतं. मी विचार केला, की एकटेपणा त्यांना खायला उठलाय, तीन ठोके पुरत नाहीत. म्हणून मी सहा मारायला लागलो. शिवाय सकाळी आठलाही एक फेरी सुरू केली. त्यानंतर बाईंचे पडदे दिवसभर बंद राहू लागले. मी मनाशी म्हटलं, बिचारी आठवणींत बुडाली आहे. मग मी आणखी जोर लावला.

इकडे बाईंनी रेगला फोन केला होता, की पुन्हा सुरू झालंय. रेगने हे मला सांगितलं नाही, कारण श्रेय वाटून घ्यायची त्याला सवय नाही. तो गुरुवारी उष्णतेचा कॅमेरा घेऊन त्याच बोळात कचऱ्याच्या डब्यांमागे दबा धरून बसला. या कॅमेऱ्यात गार वस्तू निळ्या दिसतात आणि गरम वस्तू तांबड्यापिवळ्या. चेहरा मात्र कळत नाही. रविवारी दुपारी त्याने आम्हा सगळ्यांना बाईंच्या दिवाणखान्यात जमवलं, पडदे ओढले आणि टीव्हीला तार जोडली.

"मंडळी," तो म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

टीव्हीवर निळा बोळ दिसला. मग कोपऱ्यातून एक पिवळी आकृती आली. पाठीत वाकलेली, डोकं पेटल्यासारखं लाल. (मी टोपी घालत नाही, आणि डोक्यावर केसही फारसे नाहीत.) आकृती थांबली, इकडेतिकडे पाहिलं, हात वर गेला. थोरल्या पिकपने धाकटीचा हात धरला.

"हॅरल्ड ऑर्मरॉड," रेग गहिवरून म्हणाला. "अजून कामावरच्या पोशाखात."

"हा माझा नवरा आहे," ग्लेनिस म्हणाली.

रेग तिच्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाला, "ग्लेनिस, हा मेलेला माणूस आहे."

"आता थोड्या वेळाने होईल. हातोडा मारायच्या आधी त्याने डाव्या हाताने पँट वर ओढली, ती बघ. मागे ने. बघ, परत ओढली. वीस वर्षं सांगतेय पट्टा घाल म्हणून. आणि तो हातोडा माझा आहे, दोन आठवडे शोधतेय मी तो."

सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच क्षणी, काय सांगू, मी पँट वर ओढली.

मग मी सगळं सांगून टाकलं. जे सापडेल ते खरं सांगावं, हा नियम माझाच होता, आणि मीच सापडलो होतो. बाईंचं रडणं पाहून मला किती वाईट वाटलं, त्यांना हॅरल्ड परत मिळावा म्हणून मी अंगठा कसा काळानिळा करून घेतला, सगळं. बोलताबोलता माझा गळा भरून आला. बाईंचाही भरून येईल अशी माझी अपेक्षा होती.

"अहो, मी रडले ते सुटले म्हणून," ऑर्मरॉडबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं तो बुटाने दार बडवायचा. किल्ली खिशात असायची, तरी बडवायचा. मेला तरी ठोकतोच आहे म्हटल्यावर मी तुमच्या मंडळाला बोलावलं, ते त्याला घालवायला. तुमच्या बायकोने घालवला. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले."

"आणि ही विक्रीची पाटी?" मी विचारलं. आवाज माझाच असावा.

"तुमच्यामुळे. रोज कुणीतरी भिंत बडवतंय, पुढे तर सकाळी आठलाही, मग काय करायचं? लेकीकडे स्विंडनला जायचं ठरवलं होतं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझे गुडघे चालत नाहीत. रोज रडत सामान बांधत होते मी."

कोपऱ्यात खरोखरच दोरीने बांधलेली चार खोकी होती. इतका वेळ मी त्यांतल्याच एकावर बसलो होतो. मी उठून उभा राहिलो. रेगने हळूच टीव्हीची तार काढली. त्याच्याकडे पाहून वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला माझ्याबद्दल तुच्छता वाटतेय, आणि ती त्याला परवडतेय.

"पाटी उद्या काढायला सांगते," बाई ग्लेनिसला म्हणाल्या. "तू आहेस म्हणून बरं, पोरी."

"खोकी हा सोडेल," ग्लेनिस म्हणाली. "आणि सामान जागच्या जागी लावेल. रोज चारला येऊन."

मी खाली बसून पहिल्या खोक्याच्या गाठीशी झटू लागलो. गाठ सुटेना. बाई माझ्या हातांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"खरं सांगू का," शेवटी त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी मला कळलं होतं, की हा हॅरल्ड नाही. त्याच्या ठोक्याला वजन होतं. हा कुणीतरी लेचापेचा. एक ठोका इथे तर दुसरा तिथे. मी म्हटलं, हा त्याचा धाकटा भाऊ विल्फ. त्याला जन्मात एक खिळा सरळ ठोकता आला नाही."

"विल्फ कधी वारले?" मी आदराने विचारलं.

"तेच तर. मला वाटलं, गेला असणार, आपल्याला कुणी कळवलं नाही. म्हणून मोरकेमला त्याच्या घरी सांत्वनाचा फोन लावला. तर त्यानेच उचलला." बाईंनी माझ्या हातातली दोरी काढून घेतली आणि गाठ एका झटक्यात सोडली. "मग मात्र माझी झोप उडाली हो. विल्फ जिवंत आहे, तर मग असा दुसरा जगात आहे तरी कोण?"