चार देशांची थंड कॉफी आणि वीस मिनिटं

"कॉफी म्हणजे काय मोठं शास्त्र आहे होय? पाणी, पावडर, बर्फ! बाकी सगळा दुकानदारांचा बनाव!" असं स्टोअरकीपर त्या रविवारी सकाळी दाढी करता करता आरशाला ठणकावून म्हणाले आणि त्याच झटक्यात त्यांनी हनुवटी कापून घेतली. माणसानं इथंच शहाणं व्हायला हवं होतं. पण शहाणपण रक्ताबरोबरच येतं, कापूस लावला की दोन्ही थांबतं.

स्टोअरकीपर म्हणजे माजी स्टोअरकीपर. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याचं स्टोअर त्यांनी छत्तीस वर्षं सांभाळलं आणि चार महिन्यांपूर्वी घरी आले. छत्तीस वर्षं त्यांनी एकच नियम पाळला: जुना माल आधी बाहेर. शेवटी कारखान्यानंही तोच नियम त्यांना लावला आणि एक भिंतीवरचं घड्याळ हातात दिलं. त्यात गैर काहीच नव्हतं, नियम तो नियम. तरीपण जेवताना मध्येच घास थांबवून ते म्हणत, "अगं, तो नवीन पोरगा माझी बेअरिंग्ज कुठं ठेवत असेल गं?"

"खात असेल!" बायको म्हणायची. "तुम्ही जेवा."

घरी आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. प्रत्येक डब्यावर, बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटली. फक्त तारीख. आत काय आहे ते लिहायचं नाही, कारण "काय आहे ते डोळ्यांना दिसतं, कधीचं आहे ते दिसत नाही!" आणि घड्याळ बैठकीच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर लागलं. कोणी आत आलं की स्टोअरकीपर आधी घड्याळाकडे बघत आणि मग माणसाकडे. कारखान्याच्या फाटकावरची सवय! दूधवाला, मेव्हणा, मीटरवाला, सगळ्यांचं स्वागत एकच: "आठ दहा! या!"

त्यांचा एकुलता एक मुलगा वर्षभरापूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो येई. "तीन सात!" स्टोअरकीपर म्हणत. तो मोजे न काढता सोफ्याच्या कडेला टेकायचा, पाणी प्यायचा, "बरं आहे ना सगळं?" असं विचारायचा, आणि उठायचा. "तीन सत्तावीस!" स्टोअरकीपर म्हणत. वीस मिनिटं. आईनं काहीही करून ठेवलं तरी वीस मिनिटं. दार लागलं की स्टोअरकीपर बराच वेळ चपलांच्या कपाटाशी उभे राहत. मुलगा आपल्याला टाळतो, हे त्यांना कळत होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

आणि एके दिवशी त्यांनी त्याला रंगेहाथ पकडला! बँकेतून येताना एका काचेच्या कॉफीच्या दुकानात चिरंजीव बसलेले. एकटे. समोर लॅपटॉप आणि बर्फ घातलेला तपकिरी रंगाचा उंच पेला. स्टोअरकीपर समोरच्या चांभाराकडे गेले, धडधाकट चप्पल काढून दिली आणि म्हणाले, "शिव."

"कुठं?"

"कुठंही. सावकाश."

चप्पल तीनदा शिवून झाली तरी मुलगा हलला नव्हता. दोन तास चाळीस मिनिटं! आपल्या घरात वीस मिनिटं आणि त्या काचेच्या पेटीत दोन तास चाळीस! स्टोअरकीपरांनी तिथंच निदान केलं. गिऱ्हाईक दुसरीकडे जातंय, याचा अर्थ आपल्याकडे माल नाही. माल आणू, गिऱ्हाईक येईल!

मग वाचनालयातून पुस्तक आलं. ग्रीक लोक कॉफी बरणीत खळखळून फेस काढतात. अल्जीरियात तिच्यात लिंबू पिळतात. व्हिएतनामात ती थेंब थेंब गाळून घट्ट गोड दुधावर सोडतात. आणि जपानी लोक तर गार पाण्याचा एकेक थेंब तासन्‌तास कॉफीवर टाकत बसतात. स्टोअरकीपरांना जपानी लोक फारच आवडले. तासन्‌तास! हाच माल हवा होता.

बायकोला मात्र काही सांगायचं नाही, असं ठरलं. माल पूर्ण आल्याखेरीज पेटी फोडायची नाही, हाही स्टोअरचाच नियम. व्हिएतनामी गाळणीसाठी त्यांनी स्टीलच्या वाटीला ड्रिलनं भोकं पाडली. जपानी थेंबासाठी तळमजल्यावरच्या कंपाउंडरकडून सलाइनची रिकामी बाटली आणि कोरी, पाकीटबंद नळी आणली.

"कुणासाठी हो?" कंपाउंडरनं विचारलं.

"घरी लागणार आहे. कुणाला बोलू नका."

कंपाउंडरनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. फक्त स्टोअरकीपरांच्या बायकोला सांगितलं, तेही ते जिना चढून वर पोचायच्या आत, फोनवर.

बायकोनं हिशेब जुळवला. गेले आठ दिवस हा माणूस फ्रीज उघडून नुसता उभा राहतोय, स्वतःशी पुटपुटतोय, थेंब मोजतोय, आणि आता सलाइन! तिनं मुलाला फोन लावला. "तुझ्या बाबांचं काही खरं दिसत नाही रे. लपवतायत माझ्यापासून. तू विचारू नकोस, चिडतील. पण रविवारी ये, आणि ते जे म्हणतील त्याला हो म्हण."

रविवारी मुलगा आला. "तीन वाजता! अगदी ठोक्याला!" स्टोअरकीपर आनंदानं ओरडले. मुलानं चक्क मोजे काढले. बापाच्या हनुवटीवरचा कापूस बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बघून स्टोअरकीपर मनात म्हणाले, वा, नुसत्या वासानंच गिऱ्हाईक विरघळलं!

स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगलेली होती, नळीतून थेंब थेंब खाली एका भांड्यात पडत होते. मुलानं आईकडे पाहिलं. आईनं तोंडाला पदर लावला.

"बस! आज मध्ये कुणी बोलायचं नाही!" स्टोअरकीपरांनी बजावलं आणि ग्रीसपासून सुरुवात केली. बरणीत पावडर, साखर, पाणी. खळखळ खळखळ! छत्तीस वर्षांचा जोर त्या बरणीत उतरला आणि झाकण उडालं. फेस वर फिरत्या पंख्यावर गेला आणि पंख्यानं तो चारही भिंतींना सारखा वाटला. उरलेला पेल्यात ओतून त्यांनी मुलापुढे धरला.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. मुलाला आठ महिन्यांपासून पोटात व्रण होता. डॉक्टरांनी कॉफीचा थेंब वर्ज्य सांगितला होता. घरी हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण वीस मिनिटांत पोटापर्यंत विषय पोचतो कुठं?

पण आजारी बापाला नाही कसं म्हणायचं? त्यानं ग्रीस प्यायलं. "कशी आहे?" "छान." लगेच अल्जीरिया आलं, दोन लिंबं पिळून. "कशी आहे?" "छ... छान." मग व्हिएतनाम. पोरगा घामानं डबडबला, स्टोअरकीपर हर्षानं फुलले. आणखी! आता जपान!

जपानसाठी साधा बर्फ कसा चालेल? कॉफी पातळ होईल! म्हणून स्टोअरकीपरांनी शनिवारीच कॉफीचा बर्फ लावला होता. फ्रीजरमध्ये बघतात तर तपकिरी बर्फाचे दोन ट्रे. एकावर कालची तारीख, एकावर गेल्या आठवड्याची. आपण एकच ट्रे लावला होता, हा विचार मनात यायला हवा होता. पण हात विचाराच्या आधी पोचला. जुना माल आधी बाहेर!

"अहो, तो..." बायको म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही म्हटलं ना!"

बायकोनं मनात म्हटलं, आजारी माणसाच्या मनाविरुद्ध कशाला जा!

जपानचा पेला मुलानं डोळे मिटून रिकामा केला. त्याच्या चेहऱ्यावरून पाच-सात रंग गेले आणि एकही परत आला नाही. तो कसाबसा म्हणाला, "बाबा, आता तरी खरं सांगा. किती दिवस?"

स्टोअरकीपरांनी भांड्यात उरलेल्या कॉफीकडे नजर टाकली. "नीट सांभाळलं तर पाच-सहा दिवस."

"पाच-सहा दिवस!" बायकोनं हंबरडा फोडला आणि त्यांच्या गळ्यातच पडली.

"अगं, एवढं काय त्यात? संपली की पुन्हा करू!"

"काय पुन्हा करू?"

"कॉफी!"

सलाइनचा एक थेंब टपकन भांड्यात पडला. स्टोअरकीपरांनी स्वतःसाठी भरलेल्या दुसऱ्या पेल्यातली जपानी कॉफी तोंडाला लावली आणि ती तिथूनच थेट सिंकमध्ये गेली.

"हे काय आहे?"

"हाडांचं सूप," बायको डोळे पुसत म्हणाली. "माझ्या गुडघ्यांसाठी करून ठेवलं होतं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलू दिलंत? मला वाटलं, तुमचं काय ते शेवटचं..."

"कोण शेवटचं? मी ठणठणीत आहे!"

"मग मी चार पेले प्यालो कशासाठी?" मुलगा ओरडला आणि पोट धरून खाली बसला.

कंपाउंडर धावत वर आला. त्यानं औषध दिलं, मुलाला सोफ्यावर आडवं केलं आणि "सात वाजेपर्यंत उठायचं नाही" असं सांगितलं. जाताना त्यानं खिडकीकडे आणि पंख्याकडे पाहिलं आणि तो घाईघाईनं जिना उतरला.

मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. स्टोअरकीपर समोरच्या खुर्चीत. त्यांची नजर घड्याळाकडे गेली. सव्वासहा! म्हणजे सव्वातीन तास! त्या काचेच्या पेटीलाही मागं टाकलं! त्यांना आतून आनंद झाला, आणि मागोमाग त्या आनंदाची इतकी लाज वाटली की त्यांनी उठून उगाचच पंखा पुसला.

"त्या दुकानात तुझ्यापुढं पेला होता," शेवटी ते म्हणाले. "मी बघितलाय. बर्फ घातलेला."

"चॉकलेटचं दूध होतं ते."

"दूध तर घरीही आहे. मग तिथं तासन्‌तास बसतोस कशासाठी?"

मुलानं उशी डोक्याखाली ओढली. मग भिंतीलाच म्हणाला, "तिथं आत पाऊल टाकल्यावर कुणी किती वाजले ते सांगत नाही, बाबा."

साडेसातला मुलगा गेला. त्या दिवशी दारात कुणीही वेळ सांगितली नाही.

पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी सकाळीच, स्टोअरकीपरांनी स्टूल घेतलं, कारखान्याचं घड्याळ उतरवलं आणि जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सारलं. बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "मागं पडतंय." दुपारी बेल वाजली. त्यांनी दार उघडलं, जीभ दातांखाली धरली आणि फक्त म्हणाले, "ये."

मुलगा बसला. मोजे घालूनच, पण बसला. आईनं गार दूध दिलं. स्टोअरकीपर पोटाविषयी बोलले, ऑफिसविषयी बोलले, चांभाराविषयी बोलता बोलता सावरले. मुलगा एकदा चक्क हसला. स्टोअरकीपरांना वाटलं, जमलं! एक खिळा मोकळा केला आणि पोरगा परत आला! इतकं सोपं होतं हे!

मुलाची नजर सवयीनं समोरच्या भिंतीकडे गेली. तिथं खिळा होता. तो गोंधळला. मग त्यानं खिशातून फोन काढला, पाहिला आणि ताडकन उठला.

"अरे बाप रे, वीस मिनिटं झाली की! निघतो मी."

दार लागलं. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. स्टोअरकीपर चपलांच्या कपाटाशी उभे होते.

"काय करायचं?" ते म्हणाले. "माल आपल्याच कारखान्यातला. परत कुणाकडे पाठवणार?"