तेवीस बाटल्या आणि एकच हात
चर्चच्या व्हॅनचं इंजिन बसलं त्या सोमवारी एस्टिल रोर्कने बायकोला, नेडीनला, उसन्या गाडीतून चाळीस मैलांवर डायलिसिसला नेलं. तिला आठवड्यातून तीनदा न्यावं लागे, आणि तिच्यासारखे गावात आणखी तिघे होते. अकरा वर्षं व्हॅन एस्टिलच चालवत होता. नवं इंजिन आलं नाही तर या चौघांचं काय होणार, हे गावात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. केक विकून फार तर एक टायर आला असता.

शेवटी कायदाच मदतीला आला. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात दारूबंदी आजोबा-पणजोबांपासूनची. पण धर्मादाय संस्थेला एका दिवसाचा परवाना काढून, दान आलेल्या सीलबंद बाटल्यांचा लिलाव करायला मुभा होती. बाटली तिथे उघडायची नाही, बोली सगळ्यांसमोर हात वर करून लावायची, आणि परवान्यावर एका जबाबदार माणसाचं नाव हवं. चर्चच्या कमिटीतले आठही जण आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"ब्रदर एस्टिल, तुम्ही थेंबाला शिवत नाही," पास्टर प्रेटर म्हणाले. "तुमच्या नावाला काय होणार आहे?"

एस्टिल खरोखरच शिवत नसे. त्याने सही केली.

बाटल्या येऊ लागल्या, पण देणारा एकही दिसेना. तपकिरी कागदात गुंडाळलेली एक एस्टिलच्या पायरीवर, एक टपालाच्या डब्यात, दोन घेवड्याच्या वेलांत. दारू पाप मानणाऱ्या बाप्टिस्ट माणसाच्या घरात बाटली असतेच कशी, हा प्रश्न कुणालाच अंगावर घ्यायचा नव्हता. गंमत अशी, की गावात चोरून बाटली ठेवणारे आपण एकटेच, अशी प्रत्येकाची समजूत. त्यामुळे बाटल्या तेवीस झाल्याचं कळल्यावर प्रत्येकाने मनातल्या मनात हिशोब मांडला: एक आपली, उरलेल्या बावीस एस्टिलच्या.

त्यातच समोरच्या विल्मा स्लोनने त्याला सकाळी सात वाजता वेलातून बाटली काढून छातीशी धरताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत एस्टिलच्या घरी तीन घरांतून भाजलेली मॅकरोनी आणि व्यसनमुक्तीचं एक पत्रक येऊन पडलं.

"बायकोच्या दुखण्याने खचलात, कळतं हो आम्हाला," विल्मा डोळे पुसत म्हणाली.

"अगं, त्या लिलावाच्या बाटल्या आहेत."

"असू द्या, असू द्या. मी काही विचारलं का?"

लिलावाच्या दिवशी चर्चचा हॉल खच्चून भरला. क्लेम फ्यूगेटचा जन्म गुरांच्या बाजारात बोली पुकारण्यात गेलेला. गोधड्या आणि डुकराचं खारवलेलं मांस त्याने हातोहात खपवलं. मग पहिली बाटली टेबलावर आली आणि हॉलमध्ये स्मशानशांतता पसरली. क्लेमने किंमत खाली आणली, पुन्हा आणली. लोक छताकडे बघत राहिले. हात वर करायचा म्हणजे शेजाऱ्यासमोर, सासूसमोर, पास्टरसमोर. व्हॅन गेलीच, असं एस्टिलला वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"एस्टिलभाऊ," विल्मा कुजबुजली, "साठ म्हणा ना. माझ्या गुडघ्यांना चोळायला हवीय."

"तूच कर की हात वर."

"मी? लोक काय म्हणतील? तुमचं आता काय जायचंय?"

त्याने हात वर केला. लगेच डावीकडून कुणाचं तरी कोपर लागलं. "सत्तर म्हण. माझ्या खोकल्यासाठी." त्याने पुन्हा हात वर केला.

"एस्टिल," क्लेम म्हणाला, "तू तुझ्याच बोलीवर बोली चढवतोयस."

"माहीत आहे. पुकार."

दोन तास तो एकटा स्वतःशी झुंजला. तेविसाव्या बाटलीच्या वेळी पास्टरांनी त्याच्या मांडीवर चिठ्ठी सरकवली: 'नाताळच्या केकसाठी. दीडशेपर्यंत जा.'

इंजिन आलं. त्या रविवारी पास्टरांनी एस्टिलचं नाव घेऊन, त्याची दारू सुटावी म्हणून प्रार्थना केली, आणि आमेन इतकं दणक्यात झालं की काचा हादरल्या. मग कमिटीने हळुवारपणे ठरवलं, की पिणाऱ्या माणसाच्या हाती आजाऱ्यांची गाडी देता येत नाही. एस्टिल घरी येऊन स्वयंपाकघरात नुसता बसून राहिला. ती व्हॅन चालवणं एवढं एकच नेडीनसाठी त्याच्या हातात होतं.

"खरं सांगून टाक ना," नेडीन म्हणाली.

"ज्यांच्यासाठी हात वर केला, त्या सगळ्यांची नावं घ्यावी लागतील. मग पुढच्या वेळी बाटली कोण देणार, कोण घेणार?"

सोमवारी स्टिअरिंगवर पास्टर बसले. एस्टिल मागे, नेडीनच्या शेजारी. येताना ती थरथरू लागली, दातावर दात आपटेपर्यंत. डायलिसिसनंतर तिला इतकी थंडी वाजते, हे त्याला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. तो रस्ता बघत असे. त्याने कोट काढून तिच्याभोवती लपेटला आणि तिचे हात आपल्या हातांत धरून ठेवले. त्याला रडू आलं, ते त्याने लपवलं नाही.

"धीर सोडू नका, ब्रदर," पास्टर आरशातून म्हणाले. "मी रोज प्रार्थना करतोय. सुटेल तुमची."

"नका करू, पास्टर," नेडीन म्हणाली. "सुटली तर हा परत पुढे जाऊन बसेल."